लाल सिग्नल आणि पलंगाखालचं पार्सल

२८ जानेवारी, मंगळवार

ही डायरी नीलिमाताईच्या कंपनीची. प्रत्येक पानावर वर छापलंय, ‘आजची तीन उद्दिष्टं’, आणि खाली ‘आज मी कशाबद्दल कृतज्ञ आहे?’ ताईला अशा पाच मिळाल्या. एकीत ती याद्या करते, एकीत त्या याद्यांची यादी, दोन तिच्या लेकीने, ईराने, चित्रं काढून संपवल्या, उरलेली माझ्या हातात दिली. म्हणाली, "अजित, पंचविसाव्या वर्षी माणसाला आपण काल काय केलं तेवढं तरी सांगता आलं पाहिजे."

काल काय केलं: गोकर्णाहून बंगलोरला पोचलो. म्हणजे मी पोचलो, गाडी टेम्पोतून आली. तुमकूरच्या अलीकडे कार्ब्युरेटर गेला. मोटारसायकल माझ्याहून वयाने मोठी, बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली, त्यामुळे पार्ट दिल्लीहून मागवावा लागतो. चार-पाच दिवसांत येईल, मेकॅनिक म्हणाला. आला की बसवायचा आणि थेट पाँडिचेरी. तोवर ताईकडे.

उद्दिष्टं: १) पार्टची वाट बघणे. २) डोसा. ३) सुचलं की लिहितो.

३१ जानेवारी, शुक्रवार

पार्सल आलं! तिसऱ्याच दिवशी. पण कार्ब्युरेटर बसवायला दहा नंबरचा पाना लागतो आणि माझा गोकर्णात राहिला. शिवाय आज ईराला शाळेतून आणायला कुणी नव्हतं. तात्पुरतं पलंगाखाली सरकवलंय.

इथली व्यवस्था लिहून ठेवतो, नाहीतर पुढे वाचताना मलाच कळायचं नाही. घर बसवनगुडीत, वरचा मजला. खाली मालक व्यंकोजीराव राहतात. मराठीच, पण त्यांचे पूर्वज इकडे कधी आले ते त्यांनाही सांगता येत नाही. त्यांच्या मराठीत कानडी इतकं मुरलंय की पहिल्या दिवशी मी अर्ध्या वाक्याला नुसती मान हलवली आणि दोन वाट्या बिसीबेळे भात खाऊन वर आलो.

ताईचं ऑफिस हेब्बाळला. पुष्करजीजूंचं के. आर. पुरमला. दोघं दोन टोकांना आणि मध्ये सहा वर्षांची ईरा. म्हणून ताईने ऑफिससारखं घराचंही कॅलेंडर केलंय. प्रत्येक कामाला एक मालक, एक राखीव. ‘ईराचं दूध. मालक: पुष्कर. राखीव: नीलिमा.’ ते फोनवर येतं, मग आपण ‘अ‍ॅक्सेप्ट’ दाबायचं.

जीजू सगळं अ‍ॅक्सेप्ट करतात. घरचं, ऑफिसचं, सोसायट्यांच्या जाहिरातीसुद्धा. नाही म्हणायचा अवयवच नाही त्यांना. मागच्या महिन्यात एकाच वेळी तीन ठिकाणी हजर राहायचं त्यांनी कबूल केलं होतं. गेले चौथ्याच ठिकाणी, कारण जिन्यात व्यंकोजीरावांनी कॉफीला बोलावलं.

ताई पुण्यात शिकली, तेव्हापासून पुण्यासारखं बोलते. पण रागावली की नागपूर बाहेर येतं. "काय करतोयस तू?" म्हणजे हवामान ठीक. "काय करून राहिला बे तू?" म्हणजे चप्पल शोधायची आणि निघायचं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

ईराच्या शाळेचं स्नेहसंमेलन एकवीस तारखेला, शुक्रवारी, सकाळी अकराला. त्यांच्या वर्गाचं ‘आपलं शहर’ म्हणून नाटुकलं आहे. चोवीस मुलं मोटारी, चार रिक्षा, एक गाय. ईरा सिग्नल. तिची पाटी एका बाजूने लाल, दुसऱ्या बाजूने हिरवी. तिने पाटी फिरवली की सगळ्या मोटारी गाणं म्हणत निघतात.

मी म्हटलं, "वा! सगळं नाटक तुझ्या हातात."

"हो," ती म्हणाली. "आई नाहीतर बाबा दिसले की मी हिरवी होणार. नाहीतर नाही होणार."

"मी येतोच आहे की."

"मामा चालणार नाही. मामा रोजच असतो."

रोज म्हणजे काय, आठवडाच तर झाला.

ताईने नंतर सांगितलं. मागच्या वर्षी ईरा फुलपाखरू होती. ताईच्या ऑफिसात ऐन वेळी काहीतरी कोसळलं आणि जीजू पूर्ण कार्यक्रमभर ‘पाचच मिनिटांवर’ होते. ईरा स्टेजवर नुसती उभी राहिली. पण अकरा फुलपाखरांत एक उडत नव्हतं हे कुणाला कळलंसुद्धा नाही. ईराने त्यावर वर्षभर विचार केलेला दिसतो. मला म्हणाली, "सिग्नल थांबला की सगळ्यांना कळतं."

कॅलेंडर बघितलं. ‘ईरा, सिग्नल. मालक: पुष्कर. राखीव: कुणी नाही.’ ताईने राखीव रिकामं सोडलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. त्याच दिवशी अकरालाच तिच्या ऑफिसात परदेशातले लोक येणार आहेत आणि त्यांच्यापुढे तिने बोलायचं आहे. नीट झालं तर टीम तिच्याकडे येईल. दोन वर्षं ती याची वाट बघतेय. जीजूंनी अ‍ॅक्सेप्ट दाबलंय. हिरवी खूण आहे.

पाना आणायचा राहिला. गांधीबाजारला गेलो होतो त्यासाठीच, पण तिथे एक माणूस फणसाचे गरे इतके सुंदर काढत होता की बघत उभा राहिलो.

९ फेब्रुवारी, रविवार

ताईच्या कंपनीत आज ‘काम आणि कुटुंब यांचा तोल’ यावर शिबिर होतं. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. रविवारी. सक्तीचं.

परत आली ती कागद घेऊन. कामाची आणि घरची ओढाताण झाली की माणूस कसा वागतो ते म्हणे स्वभावावर असतं. कुणी यादी करतो, कुणी गप्प बसतो, कुणी दुसऱ्यावर ढकलतो, कुणी पळतो. ताईच्या कागदावर लिहिलं होतं, ‘आपण ताण आला की याद्या करता. याद्या कमी करा.’ ताईने लगेच उद्याच्या यादीत लिहिलं, ‘याद्या कमी करणे.’

जीजू हसले. मग त्यांचा चेहरा पडला, कारण तसलाच फॉर्म त्यांच्या ऑफिसातही आलाय. चौऱ्याऐंशी प्रश्न, उद्या शेवटची तारीख.

ताई ईराला झोपवायला गेली तसे जीजू लॅपटॉप माझ्याकडे सरकवून म्हणाले, "अजित, तू भर ना. काहीही टिक कर. कोण वाचतंय?"

मी काहीही करणारा माणूस नाही. भरायचं तर खरं भरायचं. पण जीजूंच्या मनात काय असतं ते जीजूंनाच माहीत नाही, तर मला कुठून? म्हणून मी मला जे खरं वाटतं ते भरलं. ‘घरचं काम आणि महत्त्वाची मीटिंग एकाच वेळी आल्यास?’ घरचं काम. मीटिंग काय, परत येते. ‘वरिष्ठांनी सुट्टी नाकारल्यास?’ विचारायचं कशाला? ‘पाच वर्षांनी आपण स्वतःला कुठे बघता?’ इथे जागा कमी होती. मी लिहिलं, खिडकीजवळ.

चाळीसाव्या प्रश्नाला उठून चहा केला. मग व्यंकोजीराव भेटले, त्यांची तोंडी परीक्षा घेतली. "ऑफिस की घर, काय निवडाल?"

"अय्यो तम्मा, छत्तीस वर्षं मी सरकारी कारखान्यात होतो. ऑफिसात घराची आठवण काढायची, घरी ऑफिसची. स्वल्प तोल राहतो बघ."

हा पर्याय फॉर्ममध्ये नव्हता.

११ फेब्रुवारी, मंगळवार

गडबड आहे.

जीजू मला खाली कोपऱ्यावर कॉफीला घेऊन गेले. माणूस आपण होऊन कॉफी पाजतो तेव्हा काहीतरी सांगायचं असतं. त्यांच्या टीमची सहल आहे, नंदीच्या पायथ्याला कुठल्याशा रिसॉर्टवर. एकवीस तारखेला, सकाळपासून.

"तुम्ही नाही म्हणालात ना?"

"मी आधी हो दाबलं. मग तारीख बघितली."

"मग आता ताईला सांगा."

"सांगतो ना. आधी रविकिरण सरांना सांगतो, की येत नाही. मग तिला सांगण्यासारखं काही राहणारच नाही."

"सरांना कधी सांगताय?"

"नीलिमाला विश्वासात घेतलं की."

त्यांनी माझ्यासाठी अजून एक मद्दूर वडा मागवला. "तू बोलू नकोस हं तिच्याकडे. मी बघतो."

मी कशाला बोलू? मी इथे चार दिवसांचा पाहुणा. नवरा-बायकोच्या मध्ये पडू नये, हे मी अनेक घरांत राहून शिकलोय. फक्त ती सिग्नलची पाटी दिवसभर डोळ्यांपुढून जात नव्हती. घरी येऊन तिचा पुठ्ठा बदलून दिला. जुना मधोमध दुमडत होता.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सहा दिवस लिहिलं नाही, कारण वेळच नव्हता. सकाळी ईराची वेणी (तीन प्रयत्न), डबा, शाळा, मग ताईचा मोबाईल दुरुस्तीला, दुपारी परत शाळा, चित्रकला, दूधवाल्याशी हिशेबाचं भांडण कानडीत. मला कानडी येत नाही, तरी भांडण जिंकलो. दहा नंबरचा पाना व्यंकोजीरावांकडेच आहे असं आज कळलं. त्यांच्याकडे आख्खी पेटी आहे. पण गाडीचं काम घाईत करू नये.

संध्याकाळी ताई स्वयंपाकघरात आरशाशिवाय भाषण पाठ करत होती, कुकरकडे बघून. मध्येच थांबून मला विचारलं, "पुष्कर जाणार आहे ना रे शुक्रवारी?"

माझ्या हातात कोथिंबीर होती. मी ती फार बारकाईने निवडायला लागलो. "कॅलेंडरमध्ये हिरवी खूण आहे ना?"

"खूण आहे. खूण मागच्या वर्षीही होती." मग कुकरला म्हणाली, "नाहीतर मी त्यांना सांगते, माझ्याऐवजी दुसऱ्या कुणाला उभं करा म्हणून. टीम काय, पुढच्या वर्षी मिळेल."

हे ती इतक्या सहज बोलली की मला कोथिंबीर दिसेना. मी म्हटलं, "काही सांगू नकोस. जीजू येतील."

हे मी का म्हणालो ते माहीत नाही. मी कधीच कुणाच्या वतीने काही कबूल करत नाही. स्वतःच्या वतीनेसुद्धा नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आश्चर्य. जीजू सात वाजताच घरी आले आणि जिन्यातच मला मिठी मारली.

आज रविकिरण सरांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं होतं. समोर तो फॉर्मचा निकाल. जीजूंनी सगळं हुबेहूब करून दाखवलं.

सर म्हणाले, "पुष्कर, यात म्हटलंय की तू घरचं काम मीटिंगच्या आधी ठेवतोस. खरं आहे?"

"हो सर."

"उद्या काही आहे का घरी? मुलीचं वगैरे?"

"हो सर."

"म्हणजे तू सहलीला येत नाहीयेस?"

"हो सर."

"आठ वर्षांत हे तू पहिल्यांदा स्पष्ट बोलतोयस. आवडलं मला."

"हो सर."

जीजू अजून हवेत होते. "मी फक्त हो म्हणत गेलो रे!"

मग म्हणाले, "फक्त सकाळी साडेआठला बस सुटते, तेव्हा अर्धा तास येऊन जा म्हणाले. सगळ्यांना हात करायला."

"आणि तुम्ही?"

ते उत्तर द्यायच्या आधीच मला कळलं.

"अरे, मेट्रो आहे ना," जीजू म्हणाले. "दहाला घरी."

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

हे आधी लिहून मग जेवणार आहे.

नऊला ईराला शाळेत सोडलं. जाताना म्हणाली, "बाबा कुठायत?" मी म्हटलं, "येतायत." तिने माझ्याकडे असं बघितलं की ‘येतायत’ हा शब्द तिला पुरता ठाऊक आहे.

दहा वाजून पाच मिनिटांनी फोन.

"अजित, मी डबल रोडला आहे. हलत नाहीये काहीच."

"मेट्रो डबल रोडला कशी आली?"

"मेट्रो नाही रे. रविकिरण सरांची गाडी. सर म्हणाले, तुझा रिपोर्ट वाचून मलाही वाटलं जयनगरला आईकडे जाऊन यावं, चल, तुला सोडतो. आता एवढ्या प्रेमाने म्हटल्यावर..."

"उतरा आणि चालायला लागा!"

"सर आईबद्दल बोलतायत रे. मध्येच कसं उतरू?" जीजू कुजबुजले. "डोळे भरलेत त्यांचे."

मी फोन ठेवला. रिक्षा त्या गर्दीत जाऊन परत यायची नाही. मग पलंगाखालून पार्सल ओढलं आणि खाली धावलो. "व्यंकोजीराव, दहा नंबरचा पाना!"

त्यांनी एक प्रश्न विचारला नाही. धोतर खोचलं, पेटी आणली आणि माझ्याशेजारी फरशीवर बसले. मी हात पुढे करायचा, ते हवा तो पाना ठेवायचे. "बेगा, तम्मा, बेगा," म्हणजे लवकर, लवकर. चाळीस मिनिटांत कार्ब्युरेटर बसला. पहिल्या किकला गाडीने धूर सोडला, दुसऱ्या किकला शेजारचं कुत्रं उठलं, तिसऱ्याला सुरू. "सरी!" व्यंकोजीराव ओरडले. तेवढ्या घाईतही मला वाटून गेलं, एवढंच काम होतं तर.

लालबागच्या मागच्या गल्ल्यांतून डबल रोड. सरांची गाडी तिथेच उभी. मी काच वाजवली. सर म्हणाले, "हे कोण?" जीजू म्हणाले, "माझा मेहुणा." आणि मग आपल्या आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले, "सर, मी उतरतो."

सरांनी रुमालाने डोळे पुसत हात केला. त्यांनाही बरंच वाटलं असावं. मोकळेपणाने रडता आलं असेल.

माझं जास्तीचं हेल्मेट जीजूंच्या डोक्यावर ठोकून बसवलं आणि सुटलो. शाळेत पोचलो तेव्हा अकरा वाजून बावीस मिनिटं झाली होती.

हॉलच्या दारातून आत बघितलं. स्टेजवर चोवीस मोटारी, चार रिक्षा, एक गाय. सगळे उभे. मधोमध ईरा, पाटी छातीशी धरलेली. लाल.

विंगेतून पवित्रा मिस दबक्या आवाजात, "ईरा, ग्रीन! ग्रीन, पुट्टी!" ईरा ढिम्म. पेटीवाल्या बाईंनी गाण्याची सुरुवात बहुधा सहाव्यांदा वाजवली. मागच्या रांगेतल्या एका मोटारीने हॉर्न वाजवला. मग सगळ्यांनीच. गाय खाली बसली. पालक हसून हसून बेजार, कुणीतरी ओरडलं, "अगदी हेब्बाळच्या ट्रॅफिकसारखं बसवलंय!" सगळ्यांना वाटत होतं, हा नाटकातलाच विनोद आहे.

ईराचा ओठ मात्र थरथरत होता. तो फक्त आम्हाला दिसला.

जीजूंनी हात हलवला. तिने बघितलं आणि नजर वळवली. हेल्मेट! ते काढायला गेले, तर पट्ट्याची कडी अडकली. ती नेहमीच अडकते, माझी चूक, त्यांना सांगायला हवं होतं. ते ओढतायत, मी ओढतोय, शेजारच्या आजोबांनी नेलकटर पुढे केला. शेवटी जीजूंनी सगळं सोडलं आणि तो माणूस, जो वेटरला पाणीसुद्धा मान तुकवून मागतो, भर हॉलमध्ये एवढ्या मोठ्याने ओरडला की पेटी थांबली.

"ईरा! बाबा आहे हा! डब्यातला मीच आहे!"

पाटी फिरली.

मोटारी अशा सुटल्या की दोन रिक्षा स्टेजवरून खाली आल्या. कुणाला लागलं नाही. जीजू हेल्मेट घालूनच रडत होते. मी बाहेर गाडी बघायला गेलो, ऊन फार होतं, डोळ्यांत जात होतं.

ताईचंही नीट झालं. पवित्रा मिसनी पाठवलेला व्हिडिओ तिने संध्याकाळी तीनदा पाहिला. चार मिनिटं नुसती लाल पाटी. मग माझ्याकडे वळली. "अकराला बोलावलं होतं ना? काय करून राहिला होता बे तू?"

मी चप्पल शोधली नाही. तिने माझ्या ताटात दुसरी पुरणपोळी वाढली होती.

२३ फेब्रुवारी, रविवार

जीजूंनी त्या फॉर्मचा निकाल घरी आणला. मोठ्याने वाचला. ‘ही व्यक्ती कुठलीही जबाबदारी घेताना बाहेर पडायचा रस्ता आधी बघून ठेवते. आपण आता निघणारच आहोत असं इतरांना आणि स्वतःलाही सांगत राहते. प्रत्यक्षात ज्या थोड्या माणसांत तिचा जीव अडकतो, तिथून ती हलत नाही.’

मला हसू आवरेना. इतकं चुकीचं! जीजू कुठे निघायच्या तयारीत असतात? बंगलोरमध्ये त्यांच्याएवढा घट्ट रुजलेला माणूस नाही. मी म्हटलं, "एक अक्षर जुळत नाही. हे पुष्करजीजू नाहीतच."

"नाहीच आहे तो," ताई म्हणाली. ती कागदाकडे बघत नव्हती. केर काढताना पलंगाखालचं रिकामं खोकं तिच्या हाती लागलं होतं, ते फिरवून त्यावरची चिठ्ठी वाचत होती. "अजित, हे कधी आलं होतं रे?"

"असंच. मध्ये कधीतरी."

तिने चिठ्ठी अलगद सोलून काढली आणि तिच्या याद्यांच्या डायरीत चिकटवली. व्यंकोजीराव दाराशी कॉफीचा पेला घेऊन उभे होते, ते उगाचच खूप वेळ हसत राहिले. म्हातारपणी असं होतं.

२ मार्च, रविवार

ताईला टीम मिळाली. पहिल्या दिवसापासूनच उशिरा यायला लागली. जीजूंनी काल एका विक्रेत्याला ‘नको’ म्हटलं आणि मग त्याला परत बोलावून माफी मागितली. प्रगती आहे.

गाडी आता झकास चालते. पाँडिचेरीला जायला हरकत नाही. सकाळी सामान बांधायला काढलं, तेवढ्यात फोनवर ताईचं काहीतरी आलं. ‘ईरा, पोहणं. दर बुधवारी चार वाजता. मालक: अजित. शेवटची तारीख: नाही.’

मी असल्या गोष्टींना कधी काही दाबत नाही. फोन खिशात टाकला. मग ईराला पोहायचा चष्मा कुठला घ्यायचा ते बघायला गांधीबाजारला गेलो. दोन दुकानांत लहान मापाचे नव्हते, तिसऱ्यात निळा मिळाला.

येताना मेकॅनिककडे थांबलो. स्पीडोमीटरची केबल घासल्यासारखी वाटते, म्हणून दिल्लीहून नवी मागवलीय. तो म्हणतो तिच्यावाचून गाडीचं काही अडत नाही, थेट पाँडिचेरीला जा. पण मेकॅनिकला काय कळतं. लांबच्या प्रवासात असं अर्धवट निघू नये.

चार-पाच दिवसांत येईल.